नाशिकरोडच्या आकाशातली हेलिकॉप्टरं नेमकी कुणाची?

जेलरोडकर (धागाकर्ता)

आम्ही उपनगरच्या मागच्या अंगाला राहतो. सकाळी कुकरची तिसरी शिट्टी आणि पहिलं हेलिकॉप्टर साधारण एकाच वेळी येतं. मग दुपारपर्यंत घिरट्या चालू. बारा वर्षं इथे राहून एवढी सवय झालीय, की रविवारी आवाज आला नाही तर चुकल्यासारखं होतं.

परवा मुलाने (वय ७) गच्चीवरून ओरडून सांगितलं, "बाबा, अपाची!" (म्हणजे ते अमेरिकन लढाऊ हेलिकॉप्टर.) सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर एकजण म्हणाला एअरफोर्सचं ट्रेनिंग आहे, दुसरा म्हणाला ओझरच्या एचएएलचं टेस्टिंग. तिसऱ्याने नेहमीप्रमाणे गुड मॉर्निंगचं फूल पाठवलं.

तर जाणकारांनो, हे उडवतं कोण? लष्कराचं स्वतःचं वेगळं हवाई दल असतं का? असेल तर मग हवाई दल कशाला? आणि मुलाला काय सांगू, अपाची आहे की नाही?

शंकासूर

ओझरच. आणखी कुठलं असणार? एवढ्यासाठी धागा?

गनर_देवळाली

शंकासूर, ओझर वेगळं. तिथे एचएएलचा, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा कारखाना आहे, मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंत लढाऊ विमानं तिथे तयार झाली. हवाई दलाचा दुरुस्ती डेपोही तिकडेच. जेलरोडकरांच्या डोक्यावर फिरतात ती गांधीनगर धावपट्टीवरची. तिथे कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे, आपल्याकडे पेपरात 'कॅट्स' छापतात ते. २००३ पासून भूदलाचे वैमानिक इथे तयार होतात. हवाई दलाचा संबंध नाही. आर्मी एव्हिएशन कोअर हा भूदलाचाच एक भाग, जसं पायदळ, तोफखाना, रणगाडे, सिग्नल्स.

मी तोफखान्यातून निवृत्त झालो. वैमानिक नव्हतो, तोफेमागचा माणूस. पण या कोअरचं मूळ आमच्या घरातलं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर खाली सरका.

तोफ डागणाऱ्याला गोळा पडतो ती जागा दिसत नाही. मध्ये डोंगर असतो, दहा-पंधरा किलोमीटर अंतर असतं. म्हणून कुणीतरी पुढे उंचावर बसून सांगायचं, गोळा कुठे पडला. आधी हा माणूस टेकडीवर बसे. मग लक्षात आलं, टेकडीपेक्षा विमान बरं. त्यातून निघाली एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट, म्हणजे एअर ओपी. भारतातली पहिली एअर ओपी फ्लाइट ऑगस्ट १९४७ ची. विमान ऑस्टर, दोन-तीन माणसांचं, उंच पंखाचं, इतकं हळू उडणारं की आजच्या पोरांना हसू येईल. पण या कामाला हळूच लागतं. जेटमधून काय दिसणार, धुराचा ठिपका येऊन गेलेला असतो. पुढे एचएएलने बनवलेलं कृषक आलं, आणि सत्तरच्या दशकात हेलिकॉप्टर.

काम कसं चालायचं ते सांगतो. पहिला गोळा जातो. वरून वायरलेसवर आवाज येतो: "राइट १००, ॲड ४००." म्हणजे उजवीकडे शंभर मीटर घ्या, चारशे मीटर लांब टाका. दुसरा गोळा लक्ष्याच्या पलीकडे पडला की "ड्रॉप २००". म्हणजे लक्ष्य दोन गोळ्यांच्या मध्ये सापडलं, आता अंतर निम्मं करत यायचं. तिसऱ्या-चौथ्या गोळ्याला "फायर फॉर इफेक्ट", मग सगळ्या तोफा एकदम. आम्हाला खाली फक्त आकडे ऐकू यायचे. वरचा माणूस कोण, कसा दिसतो, माहीत नसायचं, पण आवाजावरून ओळखायचो. एकजण "ड्रॉप" म्हणण्याआधी हमखास खाकरायचा. त्याने खाकरलं की आमचा नंबर एक गडी ऑर्डर यायच्या आधीच हात सरसावायचा.

गंमत ही की वैमानिक तोफखान्याचा, पण विमान आणि मेकॅनिक हवाई दलाचे. ही सरमिसळ जवळपास चार दशकं चालली. १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर वेगळी झाली. ब्रीदवाक्य 'सुवेग व सुदृढ'. १० ऑक्टोबर २०१९ ला याच गांधीनगरला राष्ट्रपती कोविंद यांच्या हस्ते कोअरला राष्ट्रपती निशाण मिळालं. तोफखान्याचं स्कूल देवळालीला आणि वैमानिकांचं गांधीनगरला, मध्ये रिक्षाने जाता येईल एवढं अंतर. आजही देवळालीच्या फायरिंग रेंजवर 'तोपची' कवायत होते तेव्हा तोफांबरोबर ही हेलिकॉप्टरं असतातच.

शंकासूर

माहितीबद्दल धन्यवाद, ओझर मागे घेतो. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. एकाच देशात दोन-दोन ठिकाणी हेलिकॉप्टरं, दोन-दोन ट्रेनिंग, दोन-दोन दुरुस्ती. करदात्याच्या पैशाचा चुराडा नाही का? सगळं हवाई दलाकडे द्या आणि मोकळे व्हा.

मिसळ_आणि_पाव

आली काडी. मी शेव-चिवडा घेऊन बसतो.

हंट्सविलकर

हा वाद आपल्याकडचा नाही हो, जगभरचा आहे. मी राहतो त्या अलाबामातल्या गावाला रेडस्टोन आर्सेनल आहे, अमेरिकन आर्मीच्या हेलिकॉप्टरांचा निम्मा कारभार इथून चालतो. पोरांच्या सॉकरला भेटणारे निम्मे बाप त्यातलेच.

इथे हाच तंटा एप्रिल १९६६ मध्ये दोन्ही दलांच्या प्रमुखांनी बसून मिटवला. आर्मीने कॅरिबू ही मालवाहू विमानं एअरफोर्सला दिली, आणि बदल्यात एअरफोर्सने आर्मीच्या हेलिकॉप्टरांवरचा हक्क सोडला. वाटणीपत्रच म्हणा. म्हणून अमेरिकेत अपाची आणि ब्लॅकहॉक आर्मीकडे आहेत, आणि चिनूकही.

पाकिस्तानातही आर्मी एव्हिएशन जबरदस्त आहे. रावळपिंडीजवळ धमियालला त्यांचा कासिम तळ. एमआय-१७ सारखी मोठी वाहतूक हेलिकॉप्टरं आणि कोब्रा ही हल्ल्याची, दोन्ही त्यांच्या भूदलाकडे. आपल्याकडे एमआय-१७ हवाई दलाकडे. म्हणजे शेजाऱ्यापेक्षा आपली वाटणी हवाई दलाच्या बाजूने झुकलेली आहे.

गनर_देवळाली

हंट्सविलकर, अगदी बरोबर. १९८६ च्या वाटणीत भूदलाकडे आली ती चीता आणि चेतकसारखी हलकी. मध्यम आणि जड सगळी हवाई दलाकडे राहिली. एमआय-२५ आणि एमआय-३५ ही हल्ल्याची हेलिकॉप्टरं तर मजेशीर: मालकी हवाई दलाची, वैमानिक हवाई दलाचे, युद्धात वापर भूदलाच्या हुकुमाने. आमचे एक सुभेदार म्हणायचे, बैल त्याचा, नांगर त्याचा, शेत माझं, आणि पेरणीची तारीख दिल्लीत ठरणार.

शंकासूर, तुमचा पैशाचा मुद्दा खोटा नाही. हवाई दलही तेच म्हणतं, आणि उडवण्याचा, सांभाळण्याचा अनुभव त्यांच्याकडे जास्त हे मान्यच करायला हवं. पण ब्रिगेडच्या कमांडरला हेलिकॉप्टर लागतं ते 'उद्या दुपारी मिळेल' असं नाही. जखमी जवान खाली आणायचा असतो आत्ता. जो वैमानिक त्याच ब्रिगेडबरोबर सहा महिने राहिलाय, त्याला कुठल्या नाल्याच्या वळणावर वारा उलटा येतो ते ठाऊक असतं. खर्चाच्या कागदावर हे दिसत नाही.

कारगिलने दोघांनाही शिकवलं. २८ मे १९९९ ला तोलोलिंगवर हवाई दलाचं एमआय-१७ क्षेपणास्त्राने पडलं, आतले चौघेही गेले. आणि एमआय-३५ सारखी जड हल्लेखोर हेलिकॉप्टरं त्या उंचीवर नीट कामाचीच नव्हती. आपलं हलकं लढाऊ हेलिकॉप्टर हवं ही गरज तिथून ठळक झाली, आणि त्याचंच नाव पुढे 'प्रचंड' पडलं. पहिलं उड्डाण २९ मार्च २०१०.

२०१२ मध्ये अपाचीवरून दोन्ही दलांत चांगलीच जुंपली होती. तोडगा निघाला की २२ अपाची हवाई दलाला, पुढची भूदलाला. भूदलाने २०२० मध्ये सहा मागवली. जोधपूरला त्यासाठी पथक मार्च २०२४ मध्ये उभंही राहिलं. हेलिकॉप्टरं? पहिली तीन दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उतरली २२ जुलै २०२५ ला. मांडव घालून, सनई लावून, सोळा महिने वऱ्हाडाची वाट.

जेलरोडकर, म्हणजे मुलाला सांगा, नाशिकवर अपाची नाही. निदान रोज तरी नाही.

जेलरोडकर

काका, हिरमुसला हो तो. मग आहे तरी काय?

पाना_नंबर_१४

बहुतेक चीता किंवा चेतक. शिकणारी पोरं त्याच्यावर हात बसवतात.

मी ईएमई मधला, म्हणजे भूदलाची यंत्रं दुरुस्त करणारी कोअर. सातारा जिल्ह्यातला, आता पेन्शनवर. आर्मी एव्हिएशनची हेलिकॉप्टरं ईएमईचे लोक सांभाळतात. वैमानिकाचा फोटो पेपरात येतो, आमचे हात फोटोच्या बाहेर असतात, चालायचंच.

चीता म्हणजे फ्रेंच लामा. गंमत अशी की लामा मुळात आपल्या सैन्याच्या मागणीवरून जन्मलं. हिमालयासाठी उंचावर चालेल असं काहीतरी द्या म्हटल्यावर फ्रेंचांनी हलक्या अलूएत-२ च्या सांगाड्यावर अलूएत-३ चं दांडगं इंजिन आणि पाती बसवली. मारुती ८०० ला ट्रॅक्टरचं इंजिन, असं समजा. एचएएलने परवाना घेऊन इथे बनवलं आणि नाव दिलं चीता. अलूएत-३ आपल्याकडे चेतक झालं.

२१ जून १९७२ ला झाँ बूले नावाच्या फ्रेंच वैमानिकाने लामा १२,४४२ मीटरपर्यंत चढवलं. तिथे गेल्यावर इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू होईना. पठ्ठ्या इंजिनाशिवाय खाली आला, नुसत्या फिरत्या पात्यांवर. याला ऑटोरोटेशन म्हणतात. इंजिन गेलं की डाव्या हातातला कलेक्टिव्ह नावाचा दांडा लगेच खाली दाबायचा, पात्यांचा कोन कमी करायचा. हेलिकॉप्टर खाली पडतं, पण पडताना खालून येणारी हवा पाती फिरवत ठेवते, भिरभिरं फिरतं तशी. जमीन जवळ आली की नाक वर करून वेग मारायचा आणि शेवटच्या क्षणी कलेक्टिव्ह ओढायचा. पात्यांत साठलेला जोर एकदाच मिळतो. लवकर ओढलं तर वरच अधांतरी संपतो, उशिरा ओढलं तर आपटलात. जेलरोडकर, कधी हेलिकॉप्टर एकदम खाली येताना दिसलं आणि आवाज बदलला तर घाबरू नका, हाच सराव असेल. चीताला इंजिन एकच, म्हणून हे हातात मुरावंच लागतं.

सियाचीनला माझे दोन हिवाळे गेले. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं तेव्हापासून तिथलं सगळं हेलिकॉप्टरवर. भूदलाची चीता आणि हवाई दलाचीही, दोघेही उडतात, तिथे कुणी वाटणीपत्र काढत नाही. नेहमी जोडीने. एक पडलं तर दुसऱ्याला जागा तरी कळावी.

खाली हेलिकॉप्टर चार माणसं घेऊन उडतं. वीस हजार फुटांवरच्या चौकीला त्याच चीतातून रॉकेलचा एक कॅन जातो. एक, वीस लिटरचा. हवा विरळ, पात्यांना पकड नाही, इंजिनाचा दम अर्धा. किलोकिलोचा हिशेब. आम्ही मागची सीट काढायचो, दारं काढायचो. एकदा एका वैमानिक साहेबांनी स्वतःचा थर्मास माझ्या हातात दिला, म्हणाले, "हा ठेव, वर एक चपातीचा डबा जास्त जाईल." वर इंजिन बंद करत नाहीत, पुन्हा सुरू झालं नाही तर तिथेच राहिलं. स्किड बर्फाला टेकल्यासारखे करायचे, चौकीवरचे जवान वाकून पळत येणार, कॅन ओढणार, टपालाची पिशवी देणार, अर्ध्या मिनिटात परत.

आणि आमचं काम रात्री. बॅटरी काढून बंकरात, बुखारीजवळ (ऊब देणारी शेगडी) आमच्या शेजारी झोपायची. तिला आमच्यापेक्षा जास्त माया. उघड्या बोटाने धातूला हात लावला की कातडी चिकटते, आणि हातमोजा घालून बारीक लॉकिंग वायर पिळता येत नाही. मग आळीपाळीने: एकाने मोजे काढून तीस आकडे मोजेपर्यंत काम करायचं, मग दुसऱ्याने.

माझ्या नावाची गोष्ट विचारतील म्हणून सांगून टाकतो. प्रत्येक हत्याराची पाटीवर आकृती काढलेली असते, काम संपलं की हत्यार आकृतीवर. एका संध्याकाळी १४ नंबरच्या पान्याची जागा रिकामी. पाना इंजिनात राहिला असेल तर उड्डाण म्हणजे मरण. उड्डाणं बंद. तीन तास सात माणसं टॉर्च घेऊन. शेवटी मिळाला, माझ्याच डांगरीच्या मागच्या खिशात, फाटलेल्या अस्तरातून खाली घसरलेला. साहेबांनी शिक्षा नाही केली. सुई-दोरा दिला आणि सगळ्यांसमोर खिसा शिवायला लावला.

मिसळ_आणि_पाव

शेव-चिवडा बाजूला ठेवलाय. पाना काका, दंडवत.

तनुजा_निफाड

सुंदर धागा. माझी भाची बारावीला आहे, एनडीएचं म्हणतेय, आणि तिला हेलिकॉप्टरच उडवायचंय. मुलींना घेतात का आर्मी एव्हिएशनमध्ये? की फक्त एअरफोर्स?

गनर_देवळाली

घेतात, ताई. आधी मुलींना कोअरमध्ये फक्त एअर ट्रॅफिक कंट्रोल आणि जमिनीवरची कामं मिळायची. २०२१ मध्ये दार उघडलं. कॅप्टन अभिलाषा बराक पहिल्या, २५ मे २०२२ ला इथेच, गांधीनगरला त्यांना विंग्ज, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला लागला. त्या मूळच्या आर्मी एअर डिफेन्सच्या, २०१८ ला कमिशन झालेल्या. या कोअरमध्ये बहुतेकजण असेच आले: आधी पायदळ, तोफखाना, रणगाडे, मग उड्डाण. माझ्या मते त्यात तोटा नव्हता, चिखलात राहिलेला वैमानिक खालच्याची गरज ओळखतो.

भाचीला एक गोष्ट मात्र आत्ताच सांगा. हवाई दलाच्या निवड मंडळात वैमानिकाची अभियोग्यता चाचणी होते, जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'पीएबीटी', आता संगणकावरची नवी पद्धत आहे. ही आयुष्यात एकदाच. नापास झालं की पुन्हा नाही. म्हणून 'बघू तर देऊन' असं करू नये.

शंकासूर

दोन दिवस धागा वाचतोय आणि थोडंफार बाहेरही वाचलं. पैशाच्या चुराड्याचं माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. अर्धं ठेवतो, पण वेगळ्या कारणासाठी.

चीता आणि चेतक बदलायची गोष्ट कधीपासून चाललीय बघा. परदेशी हेलिकॉप्टर निवडलं, सौदा डिसेंबर २००७ ला रद्द. १९७ साठी पुन्हा निविदा, ती ऑगस्ट २०१४ ला रद्द. मग रशियाशी २०१५ मध्ये कामोव्ह-२२६टीचा करार, २०० ची बात, ते गाडं रुतलं. एचएएलचं एलयूएच हे हलकं हेलिकॉप्टर सप्टेंबर २०१६ ला उडालं, उंचावरच्या चाचण्या झाल्या, तुमकुरूला कारखान्याचं उद्घाटन फेब्रुवारी २०२३ मध्ये झालं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण खातं पुन्हा बाजारात चौकशी करतंय, २०० टेहळणी हेलिकॉप्टरं, १२० भूदलाला आणि ८० हवाई दलाला. अठरा वर्षांत आकडा फिरून दोनशेवर. मधल्या काळात एका इंजिनाचं, साठच्या दशकातल्या आराखड्याचं यंत्र तीच पोरं उडवतायत. मार्च २०२३ मध्ये अरुणाचलात मंडालाजवळ चीता पडलं, दोन्ही वैमानिक गेले.

अपाचीच्या सहा नगांची बातमी पहिल्या पानावर. चीताची बातमी येते ती पडल्यावर.

पाना_नंबर_१४

यावर मला काही बोलायचं नाही. बरोबर लिहिलंय.

फक्त एक, चीताला शिव्या देऊ नका. म्हातारं आहे, पण त्या उंचीवर इतकी वर्षं तेवढं काम दुसऱ्या कुणी केलेलं नाही. दोष त्याचा नाही.

हंट्सविलकर

आता रचना कशी आहे कुणी सांगेल का? वर्तमानपत्रात कधी ब्रिगेड, कधी स्क्वाड्रन, कधी फ्लाइट.

गनर_देवळाली

थोडक्यात सांगतो, फार खोलात मलाही जाता येणार नाही आणि जाऊही नये. दिल्लीला आर्मी एव्हिएशनचं महासंचालनालय, वर लेफ्टनंट जनरल. ते धोरण, खरेदी, प्रशिक्षण बघतात. लढाईत हुकूम त्यांचा नाही, ज्या कोअरच्या (इथे कोअर म्हणजे शाखा नव्हे, काही डिव्हिजन मिळून झालेली फौज) किंवा डिव्हिजनच्या भागात पथक आहे त्या कमांडरचा. पथक म्हणजे स्क्वाड्रन, तिच्या हाताखाली फ्लाइट. फ्लाइट सुटी करून शंभर मैल लांब दुसऱ्या डिव्हिजनला देता येते, यातच या कोअरचं मर्म. टेहळणीची पथकं चीता-चेतकवर. वाहतूक आणि जखमींसाठी एचएएलचं ध्रुव. ध्रुवला २० मिलिमीटर तोफ आणि रॉकेट लावून झालं रुद्र. प्रचंडचं भूदलाचं पहिलं पथक जून २०२२ चं, ते आसामात मिसामारीला. मार्च २०२५ मध्ये १५६ प्रचंडचा करार झाला, त्यातली ९० भूदलाची, म्हणजे इथे पारडं भूदलाकडे झुकलं. अलीकडे लेह, मिसामारी आणि जोधपूरला एव्हिएशन ब्रिगेड झाल्या, कारण पथकं वाढली की त्यांना एक घरमालक लागतो.

आणि हेरॉन ड्रोन २०२१ मध्ये तोफखान्याकडून एव्हिएशनकडे गेले. आमच्या वरच्या माणसाच्या जागी आता कॅमेरा. खाकरत नाही.

जेलरोडकर

सगळ्यांचे आभार. पाना काकांना विचारायचं राहिलं: गच्चीवरून ओळखायचं कसं?

पाना_नंबर_१४

शेपटी बघा. उघड्या लोखंडी जाळीची, आरपार आकाश दिसणारी, म्हणजे चीता. इंजिनही मागे उघडंच असतं. शेपटी पत्र्याने झाकलेली आणि अंग भरलेलं, म्हणजे चेतक. दोघांनाही वर तीन पाती. ध्रुवला चार, आवाज जाड.

जेलरोडकर

आज सकाळी दुर्बीण घेऊन गच्चीवर गेलो दोघं. जाळी दिसली. कार्टं नाचलं, म्हणालं, "बाबा, याचे कपडे घालायचे राहिलेत." आता वहीत रेघा मारतोय, जाळीसाठी एक रकाना आणि पत्र्यासाठी एक. आज जाळी अकरा, पत्रा चार. शाळेची रिक्षा चुकली.